सीपॅप लावूनही थकवा जात नसेल तेव्हा: कारण शोधण्याचा क्रम

झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडतो, रक्तातील ऑक्सिजन खाली जातो आणि मेंदू दर वेळी माणसाला क्षणभर जागे करून श्वास पुन्हा सुरू करतो. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. हवेच्या सौम्य दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपचार आहे, आणि १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. यंत्र घरी आले की पहिल्याच आठवड्यात घरच्यांची झोप सुधारते, कारण घोरणे थांबते. ज्याच्यासाठी यंत्र आणले तो मात्र पुष्कळदा पूर्वीसारखाच जड डोक्याने उठतो.

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो, शेती करतो आणि चार वर्षांपासून हे यंत्र वापरतो. पहिले पाच महिने माझी हीच गत होती. त्या काळात मी आधी औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणल्या, मग दुसरा मास्क घेतला, मग कंटाळून पंधरा दिवस यंत्र कपाटात ठेवले, आणि रात्री ते प्रत्यक्षात किती तास तोंडावर असते हे सर्वांत शेवटी पाहिले. कारणे शोधण्याचा हा क्रम नेमका उलटा होता. खाली जो क्रम दिला आहे तो सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू होतो व तपासण्यांपर्यंत जातो. तो संपेपर्यंत यंत्र बंद करू नये, कारण थकवा गेला नाही तरी रात्री ऑक्सिजन खाली न जाण्याचा फायदा शरीराला मिळतच असतो.

झोप येते, की अंगात त्राण नाही

"थकवा जात नाही" एवढेच डॉक्टरांना सांगितले तर त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण आपल्या बोलण्यात दोन वेगळ्या तक्रारी या एकाच शब्दाखाली येतात. एक तक्रार म्हणजे बसल्या जागी डुलकी लागणे: ग्रामसभेत, कीर्तनात, जेवणानंतर टीव्हीसमोर. दुसरी म्हणजे अंगात त्राण नसणे: दुपारी आडवे पडले तरी झोप लागत नाही, पण डवऱ्यामागे दोन तास चालायचे म्हटले की पाय उचलत नाहीत. पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा रात्रीच्या झोपेत असते, म्हणजे यंत्राचे तास, मास्क किंवा श्वासाचे उरलेले अडथळे यांत. दुसरीचे मूळ अनेकदा रक्तात, थायरॉइडमध्ये, चालू औषधांत किंवा मनात सापडते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, तरीही कोणती जास्त आहे हे ठरवून पुढे गेल्यास पुष्कळ वेळ आणि पैसा वाचतो.

डुलकीचे माप घेण्यासाठी मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली एपवर्थ प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तीत आठ प्रसंग असतात आणि प्रत्येक प्रसंगी डोळा लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण देतात. एकूण २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. प्रश्न शहरी जीवन समोर ठेवून केलेले आहेत. वाहतुकीत थांबलेल्या मोटारीत झोप येते का, असे आमच्या गावात विचारले की लोक आधी हसतात. आणि एसटीत तर सगळेच पेंगतात. म्हणून अर्थ समजून उत्तरे द्यावीत, आपल्या सोबतीने तेवढेच काम करणाऱ्या माणसाशी स्वतःची तुलना करावी, आणि शक्य असल्यास गुण पत्नीने किंवा पतीने द्यावेत, कारण डुलकी घेणाऱ्याला ती आठवत नाही. यंत्र सुरू होण्यापूर्वीचे गुण कोठे लिहून ठेवले असतील तर ते शोधून काढावेत. १९ चे १२ झाले असतील तर उपचार काम करतो आहे आणि काही उरले आहे. १९ चे १९ राहिले असतील तर मुळातच काही चुकते आहे.

डुलकी लागत असेल तोपर्यंत मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दुसऱ्याने चालवावे, थ्रेशरवर पेंढ्या देण्याचे आणि कडबा कुट्टीचे काम करू नये. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तर स्टिअरिंग हाती घेऊच नये. या बाबतीत मी कोणतीही सवलत मानत नाही.

यंत्रातील आकडे

बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर सकाळी तीन आकडे दिसतात: वापराचे तास, मास्कची गळती आणि तासाला उरलेले श्वासाचे अडथळे. हा तिसरा आकडा एएचआय या नावाने दाखवतात. झोपेच्या तपासणीत हाच आकडा ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या वर असेल तर तीव्र समजतात. यंत्र लावल्यावर तो ५ च्या खाली यावा अशी अपेक्षा असते. बरेच लोक या एका आकड्यावर समाधान मानतात. पडद्यावर २ दिसले की उपचार झाला, असे त्यांना वाटते. पण हा आकडा फक्त यंत्र चालू असलेल्या तासांचा असतो. रात्री ११ ते २ यंत्र लावले आणि २ ते ६ तसेच झोपलो, तर त्या चार तासांत घसा कितीही वेळा मिटला तरी त्याची नोंद कोठेच होत नाही.

म्हणून आधी तास पाहावेत. रोज ४ तास आणि ७० टक्के रात्री ही जी मर्यादा ऐकायला मिळते, ती अमेरिकेतील विम्याच्या नियमांतून प्रचलित झाली आहे. उपचार सुरू आहे असे म्हणण्यासाठी ती किमान अट आहे, बरे वाटण्याची हमी नव्हे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की डुलक्यांची स्वतःची जाणीव सुधारण्यास सुमारे ४ तास, प्रयोगशाळेत मोजलेली दिवसाची झोप सुधारण्यास सुमारे ६ तास आणि रोजच्या कामकाजातील उत्साह परत येण्यास सुमारे साडेसात तासांचा वापर लागतो. ज्याचा वापर साडेचार तासांचा आहे त्याने थकवा राहिल्याबद्दल आश्चर्य मानू नये.

त्यात पहाटेचे तास विशेष मोलाचे असतात. स्वप्नांची झोप, जिला रेम झोप म्हणतात, ती रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सर्वाधिक असते, आणि त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडत असल्यामुळे घसाही सर्वाधिक मिटतो. तीन वाजता लघवीला उठून परत येताना मास्क लावायचा कंटाळा केला, तर ज्या वेळी यंत्राची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी ते भिंतीवर टांगलेले राहते. माझ्या पाच महिन्यांच्या थकव्याचे मुख्य कारण एवढेच होते.

रात्र कोठे तुटते

यानंतर चौदा दिवस एक साधी वही ठेवावी. बिछान्यावर पडल्याची वेळ, रात्री किती वेळा आणि कशासाठी उठलो, लाईन गेली असल्यास ती केव्हा आली, मास्क केव्हा निघाला, सकाळी उठल्याची वेळ आणि दुपारची झोप, एवढेच त्यात लिहावे. शहरातील रुग्णाच्या वहीत मोबाइल आणि उशिराचे जेवण सापडते. आपल्याकडे वही वेगळेच सांगते.

रब्बीत गहू आणि हरभऱ्याच्या ओलिताला अनेक गावांत अजूनही आळीपाळीने रात्रीची वीज मिळते, आणि पाण्याची पाळी असलेला माणूस रात्री बारा ते चार बांधावर असतो. खरिपात सोयाबीन व तूर, पुढे हरभरा, यांना रोही आणि रानडुकरांपासून वाचवण्यासाठी जागल करावी लागते. अशा रात्री माणूस माचाणावर अर्धवट झोपतो, दर तासाला उठून आरोळी देतो आणि सकाळी सहाला घरी येऊन चहा पिऊन कामाला लागतो. त्याच्या यंत्राने घरी सात रात्रींपैकी तीन रात्री काम केलेले असते, तेही अर्धेच. अशा शेतकऱ्याला "रोज एकाच वेळी झोपा" असे सांगणारे डॉक्टर चूक बोलत नाहीत, पण तो सल्ला घरापर्यंत पोहोचतच नाही.

माझ्या अनुभवाने यातून जे व्यवहार्य निघते ते असे. जागल एकट्याने न करता भाऊ, मुलगा किंवा शेजारी यांच्याशी वाटून घ्यावी, आणि ती एक रात्र सोडून अशी न वाटता मध्यरात्रीवर वाटावी. एकाने रात्री ९ ते १, दुसऱ्याने १ ते ५. असे केल्यास प्रत्येकाला घरी, यंत्रावर, सलग चार-पाच तास रोज मिळतात आणि शरीराला वेळेची सवय लागते. ज्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे त्याने पहिली पाळी घ्यावी, म्हणजे पहाटेची झोप यंत्रावर होईल. मोटरीला ऑटो स्टार्टर किंवा मोबाइल स्टार्टर बसवल्यास निदान वीज येण्याची वाट पाहत जागणे संपते, आणि ठिबक असल्यास बांधावर जाण्याचीही गरज कमी होते. सौर कुंपणाचा खर्च परवडत असेल तर पिकाचा आणि झोपेचा असा दोन्ही हिशेब मांडून निर्णय घ्यावा. ज्या रात्री काहीच शक्य नसेल, त्या दिवशी दुपारी दीड तास झोपावे, पण तेही मास्क लावूनच. दुपारची झोप यंत्राशिवाय घेण्याची सवय फार जणांना असते, आणि ती झोप असून नसल्यासारखी असते.

स्त्रियांच्या वहीत याहून वेगळे चित्र असते. घोरण्याची तक्रार पुरुषाबद्दल बायको करते, बाईबद्दल सहसा कोणी करत नाही. स्त्रियांत हा आजार बरेचदा घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी आणि तुटक झोप या रूपाने दिसतो, आणि त्यामुळे यंत्र घरात येईपर्यंतच बरीच वर्षे गेलेली असतात. पहाटे चारला पाणी भरणे, डबे करणे आणि वेचणीच्या दिवसांत सातला शेतात पोहोचणे असा ज्या बाईचा क्रम आहे, तिला रात्री दहाला झोपायला मिळाले तरी सहाच तास हाती येतात. शिवाय सासू-सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर मास्क लावून झोपण्याचा संकोच असतो, आणि लग्नकार्याला किंवा माहेरी जाताना यंत्र मागे राहते. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा यंत्र चालू करून दाखवावे, हवेचा झोत हातावर घेऊ द्यावा. त्याचा उपयोग दहा वेळा समजावून सांगण्यापेक्षा जास्त होतो.

मास्क सहनच होत नसल्यामुळे तास कमी पडत असतील, तर सवय दिवसा लावावी. आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास टीव्ही पाहताना किंवा पेपर वाचताना मास्क लावून, यंत्र सुरू करून बसावे. मग दुपारच्या झोपेत, आणि त्यानंतर रात्री. यंत्रात रॅम्प नावाची सोय असते, तिने दाब सुरुवातीला कमी राहून हळूहळू वाढतो. श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोयही अनेक यंत्रांत असते. या दोन सोयी चालू आहेत का, हे यंत्र देणाऱ्याला विचारून घ्यावे.

मास्क, नाक आणि पाणी

तास पुरेसे असूनही डुलकी लागत असेल तर गळतीकडे वळावे. रेसमेड या कंपनीच्या यंत्रांत गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर जाऊ नये असे मानतात. काही इतर यंत्रे मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडली जाणारी हवाही मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा दिसतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. गळती जास्त असली की दाब घशापर्यंत पूर्ण पोहोचत नाही, आणि डोळ्यांवर येणारा हवेचा झोत किंवा फुसफुस आवाज झोप हलकी करतो, जरी सकाळी जाग आल्याचे आठवत नसले तरी.

मला पहिला मास्क देताना विक्रेत्याने चेहऱ्याचे माप घेतले नव्हते, एक माप सर्वांना चालते असे सांगितले होते. ते खरे नाही. मास्क आडवे पडून, यंत्र सुरू करून आणि दाब पूर्ण चढल्यावर बसवावा, कारण उठून बसलेल्या माणसाचा चेहरा आणि आडव्या माणसाचा चेहरा सारखा नसतो. पट्टा एवढाच आवळावा की त्याखाली एक बोट सहज जाईल. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट सिलिकॉनची कड दुमडते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. रात्री चेहऱ्याला किंवा केसांना खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडील सवय मास्कची सर्वांत मोठी शत्रू आहे. झोपण्यापूर्वी साबणाने चेहरा धुवावा आणि तेल सकाळी लावावे. भरघोस मिशी असल्यास नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क सोयीचा पडतो. सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर झोपेत तोंड उघडून हवा बाहेर जात असते. त्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा हे उपाय आहेत, पण त्याआधी नाक मोकळे आहे का हे पाहावे, कारण नाक बंद असलेला माणूस तोंड उघडणारच.

नाक बंद असण्याची कारणे आपल्याकडे भरपूर आहेत: थ्रेशरचा भुसा, कापसाची तुसे, चुलीचा धूर. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने झोपण्यापूर्वी नाक धुणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा नियमित वापरल्यास काही दिवसांनी गुण येतो. औषधाच्या दुकानातून मिळणारे नाक झटपट उघडणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नयेत, त्यांनी नंतर नाक अधिकच बंद होते. यंत्राचा फिल्टर मळणीच्या दिवसांत दर आठवड्याला पाहावा आणि काळा पडला की बदलावा. यंत्र जमिनीवर ठेवू नये. नळी वापरात नसताना उंच खुंटीला टांगावी, म्हणजे उंदीर ती कुरतडणार नाहीत आणि मुंग्या-झुरळे आत शिरणार नाहीत.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी यंत्राची टाकी, हिच्यातील पाण्याबद्दल अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील लोकांनी विशेष काळजी घ्यावी. तेथील बोअरचे पाणी टाकीत घातले तर थोड्याच दिवसांत तळाला पांढरा थर जमतो. डिस्टिल्ड पाणी उत्तम. ते मिळत नसेल तर आरओचे पाणी उकळून गार करून वापरावे, आणि कोणतेही पाणी रोज सकाळी ओतून टाकून टाकी कोरडी करावी. उन्हाळ्यात कुलरची हवा आधीच ओलसर असते, म्हणून ह्युमिडिफायरची ऊब कमी करावी आणि कुलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नये. पौष-माघाच्या थंडीत याच्या उलट होते: नळीत पाणी साचून नाकाशी गुळगुळ आवाज येतो. तेव्हा नळीला जुन्या लुगड्याचे कापड गुंडाळावे, आणि यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली, पण स्टुलावर ठेवावे.

लाईन गेल्यावर

मास्क लावलेला असताना वीज गेली तर गुदमरू, ही भीती मला बऱ्याच जणांनी बोलून दाखवली आहे. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला शिवाय एक झडप असते, जी दाब थांबला की उघडते. माणूस अस्वस्थ होऊन जागा होतो, गुदमरत नाही. खरा तोटा पुढचा असतो, कारण मास्क काढून टाकला जातो आणि लाईन परत आल्यावर तो लावायला कोणी उठत नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब साधा आहे. ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास यंत्राला साधारण ३० वॅट लागतात असे धरले, तर आठ तासांना २४० वॅट-तास होतात. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तास बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. त्यातले निम्मे, म्हणजे ९०० वापरण्याजोगे धरावेत. ७० वॅटचा पंखा आठ तास चालवला तर ५६० जातात, म्हणजे यंत्र आणि एक पंखा मिळून रात्र निघते. ह्युमिडिफायरची ऊब चालू केली की एकट्या यंत्राचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो, आणि कुलर लावला तर हिशेबच संपतो. म्हणून लाईन जाण्याचा संभव असलेल्या रात्री ऊब बंद ठेवावी. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. डीपीवर भार वाढून व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात यंत्राला स्टॅबिलायझर लावावा, आणि वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवावा.

वापरलेले यंत्र स्वस्तात घेतले असेल तर त्याचे मॉडेल एकदा तपासून घ्यावे. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतील फोम झिजत असल्याच्या कारणावरून पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसह आपली अनेक यंत्रे परत मागवण्याची घोषणा केली होती.

उरलेले अडथळे आणि दाब

तास सहाच्या वर, गळती ताब्यात, तरीही उरलेल्या अडथळ्यांचा आकडा ५ च्या वर राहत असेल, तर तो घसा मिटल्यामुळे आहे की मेंदूकडून श्वासाची आज्ञाच न आल्यामुळे, हे वेगळे करावे लागते. यंत्रातील मेमरी कार्डवर या दोहोंची नोंद वेगळी असते आणि डॉक्टर ती वाचू शकतात. उपचाराच्या सुरुवातीला दुसऱ्या प्रकारचे अडथळे काही रुग्णांत नव्याने दिसतात आणि पुष्कळांत काही आठवड्यांत ते आपोआप विरतात. पण हृदय कमकुवत असणाऱ्यांनी, पक्षाघात होऊन गेलेल्यांनी आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी ते विरण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

घसा मिटण्याचे अडथळे उरत असतील तर उताणे झोपणे हे एक नेहमीचे कारण आहे. आपल्या सुतळीच्या बाजेवर मधला भाग खोलगट होतो आणि माणूस नकळत उताणाच लोळतो. बाज ताणून आवळावी किंवा सपाट दिवाणावर झोपावे. वजन वाढले असेल तर जुना दाब अपुरा पडतो, आणि वजन बरेच उतरले असेल तर तोच दाब जास्त होतो. रात्रीची दारू, मग ती देशी असो की मोहाची, घशाचे स्नायू इतके सैल करते की ठरवलेला दाब त्या रात्रीपुरता पुरत नाही.

दाब स्वतः बदलू नये. यंत्राचा डॉक्टरी मेनू कसा उघडायचा याचे व्हिडिओ सहज सापडतात. मीही एकदा तो उघडून दाब ९ वरून १४ केला होता, आणि तीन रात्री पोट फुगून ढेकरा देत व मास्कमधून फुसफुस ऐकत जागून काढल्या. दाब बदलायचा तो कार्डवरील नोंदी पाहून.

रक्त, गोळ्या आणि मन

इथपर्यंत सर्व ठीक असेल, किंवा पहिल्यापासूनच डुलकीपेक्षा अंगात त्राण नसण्याची तक्रार मोठी असेल, तर रक्ताकडे यावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), तीन महिन्यांची सरासरी साखर, बी १२ आणि ड जीवनसत्त्व एवढ्या तपासण्या डॉक्टर बहुधा सुचवतात. त्यांतली फेरिटिन अनेकदा वगळली जाते. रात्री पायांत मुंग्या, ओढ किंवा न हलवता राहवेना अशी भावना होत असेल तर ती आवर्जून करावी; अशा रुग्णांत फेरिटिन ७५ च्या खाली असल्यास लोह देण्याचा विचार करतात, जरी हिमोग्लोबिन बरे असले तरी. मात्र पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्या रुग्णाने तपासणी न करता लोहाच्या गोळ्या घेणे हानिकारक ठरू शकते. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात तिला आणखी जोर मिळाला आहे. सिकलसेलमध्ये रात्री ऑक्सिजन खाली जाणे त्या आजारासाठीही वाईट असते, त्यामुळे दोन्ही आजार असल्यास दोन्ही डॉक्टरांना एकमेकांबद्दल माहिती असली पाहिजे.

गोळ्यांची यादी प्रामाणिकपणे करावी. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामाइन, खाजेसाठीची सेटिरिझिन, कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी दिलेली प्रिगॅबॅलिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन, बीपीच्या काही गोळ्या, आणि झोपेसाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली अल्प्राझोलाम, यांपैकी एकही दिवसभर डोके जड ठेवू शकते. अल्प्राझोलाम श्वासाच्या अडथळ्यांतही भर घालू शकते. डॉक्टरांनी दिलेली गोळी एकाएकी बंद करू नये, पण तिची वेळ किंवा पर्याय विचारावा. खर्ऱ्याला आपण औषध मानत नाही, परंतु तंबाखूतील निकोटीन झोप उडवते. शेवटचा खर्रा झोपण्यापूर्वी निदान चार तास आधीचा असावा, आणि सुटलाच तर फारच उत्तम. खर्रा सोडल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप आणखी तुटते, हे आधीच माहीत असलेले बरे.

मनाचा थकवा सांगायला आपल्याकडे शब्द असूनही माणूस तो सांगत नाही. कर्ज, गेलेले पीक किंवा मुलीचे लग्न यांचा घोर लागून पहाटे तीनला जाग येत असेल, कशातच गोडी उरली नसेल, जेवण जात नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला सीपॅपचा दाब पुरणार नाही. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी फोन करावा आणि घरातील एकाला तरी सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना

सहा तासांहून अधिक वापर, कमी गळती, ५ खालील एएचआय आणि स्वच्छ रक्त, असे सर्व असूनही तीन महिन्यांनंतर डुलकी लागत असेल, तर ती तक्रार खरी आहे. नीट उपचार घेणाऱ्यांपैकी काही जणांत दिवसाची झोप उरतेच, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. अशा वेळी रात्रीची पूर्ण तपासणी यंत्र लावून पुन्हा करतात, आणि तिच्यानंतर दिवसा ठरावीक अंतराने झोपवून पाहण्याची तपासणी करून नार्कोलेप्सीसारखा दुसरा झोपेचा आजार तर नाही ना, हे पाहतात. त्यानंतरच मोडॅफिनिलसारख्या जाग राखणाऱ्या गोळीचा विचार होतो. ती यंत्राच्या जोडीला असते, यंत्राऐवजी नाही. बीपी असणाऱ्यांत ती जपून देतात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ती कमी करते, हे स्त्रियांनी लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोलावे.

नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अकोला, यवतमाळ येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या श्वसनरोग विभागात या तक्रारींसाठी विचारणा करता येते. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे घालून जायचे असल्यास पिशवीत यंत्राचे कार्ड, चौदा दिवसांची वही, जुने व नवे एपवर्थ गुण, झोपेच्या मूळ तपासणीचा अहवाल, रक्ताचे अहवाल आणि सर्व गोळ्यांची पाकिटे असावीत. मास्कही पट्ट्यासह न्यावा, आणि डॉक्टरांसमोर खाटेवर आडवे होऊन तो स्वतःच्या हाताने लावून दाखवावा. माझा मास्क चार महिने उलटा दुमडलेला होता, हे तेथील परिचारिकेला अर्ध्या मिनिटात दिसले.